जिनिंगच्या ऑफिसात कॉल ट्रान्सफर केला की कट होतो. इंटरकॉमचं मशीन बदलावं का?

तुमच्या प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी: हिंगणघाटकडची कापसाची जिनिंग, बाहेरच्या ३ लाइनी, आत १६ एक्सटेन्शन (आतले फोन). बाहेरून आलेला कॉल ऑफिसातल्या ताई वजनकाट्यावर किंवा सेठजींच्या केबिनमध्ये देतात, तेव्हा कधी तो कट होतो, कधी फिरून त्यांच्याकडेच येतो. विकणारा म्हणतो, मशीन जुनं झालं, नवं घ्या.

घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी यवतमाळ जिल्ह्यात इंटरकॉमचीच कामं करतो. जिनिंग, दालमिल, पतसंस्था, दोनचार दवाखाने. अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: कॉल मरतो कुठं? नुसतं 'ट्रान्सफर होत नाही' म्हणणं म्हणजे डॉक्टरला 'पोटात दुखतं' एवढंच सांगणं. कुठं दुखतं, जेवणाआधी की नंतर, हे कळल्याशिवाय तो गोळी कोणती देणार?

ते शोधायला हत्यार लागत नाही. ताईंच्या शेजारी उभं राहून तुमच्या मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरवर फोन लावा. ताईंनी उचलला की मोबाइल कानालाच ठेवा. त्यांनी फ्लॅशचं बटण दाबलं की तुमच्या कानात म्युझिक लागलं पाहिजे आणि त्यांच्या कानात डायल टोन आला पाहिजे. मग त्यांनी काट्याचा नंबर फिरवायचा, तिकडची घंटी त्यांना ऐकू आली पाहिजे, आणि त्यांनी फोन ठेवला की ती घंटी तुमच्या कानात यायला हवी (काही मशीनमध्ये म्युझिकच चालू राहतं, ते ठीक आहे). हे दहा वेळा करा आणि दरवेळी गाडी कोणत्या स्टेशनावर अडली ते कागदावर लिहा. सीझनमध्ये कोणाला वेळ नसतो हे मला माहीत आहे, पण संध्याकाळी आवक थांबल्यावर अर्धा तास पुरतो.

फ्लॅश दाबताच कट होत असेल, तर पाणी तिथंच मुरतंय. फ्लॅश म्हणजे काही जादू नाही. क्रॅडल, म्हणजे रिसीव्हर ठेवल्यावर दबतं ते, बोटानं क्षणभर दाबून सोडलं तर जे होतं तेच ते बटण करतं, लाइन किंचित तोडून परत जोडतं. किती वेळ तोडायची, हे फोनवर ठरलेलं असतं: कुठं १०० मिलिसेकंद, कुठं ३००, कुठं ६००. हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. इकडे मशीनमध्येही एक मर्यादा भरलेली असते. लाइन अमुकपेक्षा कमी वेळ तुटली तर दुर्लक्ष, आणि अमुकपेक्षा जास्त वेळ तुटली तर समोरच्यानं फोन ठेवला असं धरायचं. आता फोन ६०० देतो आणि मशीनची वरची मर्यादा ४०० आहे, असं समजा. ताईंनी फ्लॅश दाबला, मशीन समजलं की फोन ठेवला. झाला कट. उलट फोन १०० देतो आणि मशीन २०० च्या खालचं मोजतच नाही, तर बटण दाबून दाबून बोट दुखेल, पण पार्टी लाइनवर तशीच 'हॅलो, हॅलो' करत राहील.

पांढरकवड्याकडे एका जिनिंगमध्ये अगदी हेच झालं होतं. तिथं आधी एक मावशी होत्या. त्या बटणाला कधी हातच लावत नसत, क्रॅडलवर बोटानं एक हलकी टिचकी मारायच्या. वर्षानुवर्षांचा हात, एक कॉल वाया गेला नाही. त्या घरी बसल्या, नवी मुलगी आली, तिच्यासाठी नवा फोन आला, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉल कटायला लागले. सगळ्यांनी मुलीलाच धरलं, "हिले काहीच जमत नाही." मी गेलो, फोन उलटा केला. तळाशी रुईचे बारीक तंतू चिकटले होते. ते पुसल्यावर खाली छोटा खटका दिसला, शेजारी १००, ३००, ६०० असे आकडे. खटका ६०० वर होता. पेनाच्या टोकानं ३०० वर सरकवला. लागोपाठ वीस कॉल दिले, वीसही गेले. मालक म्हणाले, "बस, इतकंच? मंग पैसे कायचे?" मी म्हटलं, "सेठजी, खटका सरकवायचे काहीच नाही. कोणता सरकवायचा त्याचे तीनशे."

तेव्हा आधी ताईंचा फोन उलटा करून पाहा. खटका नसेल तर फोनच्या मेनूत फ्लॅश टाइम म्हणून सेटिंग असतं. दोन्ही नसेल, तर बटण सोडून क्रॅडलला टिचकी मारून पाहा. टिचकीनं जमतं आणि बटणानं नाही, म्हणजे दोष वेळेचाच. मग मशीनमधली मर्यादा बदलावी लागते. तिचा प्रोग्रॅमिंग कोड ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जुना आकडा वहीत लिहून घेतल्याशिवाय नवा भरू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

फ्लॅशनंतर डायल टोन येतो पण नंबर फिरवला तरी तो थांबत नाही किंवा भलतीकडेच घंटी वाजते, तर फोनचा दुसरा खटका पाहा, पल्स की टोन. तो टोनवरच हवा. पल्समध्ये प्रत्येक आकड्यासाठी लाइन तितक्या वेळा तुटते, दरवेळी जेमतेम ६०-६७ मिलिसेकंद. त्यामुळे पल्स समजणारं जुनं मशीन फारच छोट्या फ्लॅशला '१' आकडा समजून बसतं, असंही मी पाहिलंय.

आता 'फिरून परत येतो' हे दुखणं. यात बहुतेकदा बिघाड नसतोच. दिलेला कॉल ठरावीक वेळात उचलला नाही तर तो देणाऱ्याकडे परत पाठवायची मशीनला सूचना असते. ती वेळ ३० सेकंद असेल, तर दिवाळीनंतर काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, पोरगा पावती फाडतोय, मागे सरकी काढणाऱ्या डीआर (डबल रोलर) मशीनांचा घरघराट. त्याला घंटी ऐकू येणार कधी आणि तो उचलणार कधी? वेळ ६० सेकंद करा आणि काट्यावर मोठी बाहेरची घंटी लावा. घंटीसोबत पेटणारा दिवाही मिळतो, आवाजाच्या जागी तो जास्त उपयोगी. परत आलेला कॉल ताई दुसऱ्या लाइनवर बोलत असताना आला तर काही मशीन तो सरळ सोडून देतात, म्हणून तुम्हाला कधी 'परत येतो' आणि कधी 'कट होतो' अशी दोन दुखणी दिसत असतील. मूळ एकच.

ताईंना एवढंच सांगा की नंबर फिरवून तिकडची घंटी ऐकू आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. घाईत एकच आकडा दाबून फोन ठेवला तर मशीन तरी काय करील.

फक्त काट्याचेच कॉल बिघडत असतील आणि सेठजींचे नीट जात असतील, तर मला तुमच्या तारेवर शंका आहे. विकणारे हे कधी तपासत नाहीत, कारण तार तपासायला उन्हात चालावं लागतं. समजा काटा ऑफिसपासून ३०० मीटर आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला १७० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या तारेला ५० च्या आसपास यायला हवा. मशीनकडून ती जोडी आधी सोडवा; घंटी वाजते तेव्हा तारेवर ७०-८० व्होल्ट एसी असतात, चांगला झटका बसतो. काट्याकडे फोन काढून दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि ऑफिसकडून मल्टिमीटर लावा. ५०-६० आला तर तार बरी. ४००, ७०० आला, किंवा आकडा एका जागी थांबतच नाही, तर मध्ये कुठंतरी सांधा सडलाय.

वणीकडच्या एका ठिकाणी तो मला कडुनिंबावर सापडला. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर कपाशीच्या बियाण्याचं पाकीट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. आत तांबं हिरवं पडलेलं. तिथली तक्रार मजेशीर होती: बोलता बोलता आपोआप म्युझिक लागतं. वारा आला की फांदी हलायची, सांधा क्षणभर तुटायचा, आणि मशीनला वाटायचं की काट्यावरच्यानं फ्लॅश दाबला. लगेच पार्टी होल्डवर! दोन वर्षं त्यांनी काट्यावरच्या पोराला बोलणी खाऊ घातली होती.

नंतर काट्याकडच्या तारा मोकळ्या करून पुन्हा मोजा. आता मीटरनं जवळपास काहीच दाखवायला नको. काही किलोओहम दाखवले तर ओल शिरलीय. पावसात अशी जोडी मशीनला 'फोन उचललेला आहे' असं भासवते, मग काटा दिवसभर एंगेज आणि ताईंनी दिलेला प्रत्येक कॉल परत. सांधा कापून जेली भरलेल्या कनेक्टरनं नवा करा, आणि तार मोटारींच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

एक लाइन विजेचीही पाहा. आपल्याकडे 'लाइन गेली' म्हणजे वीज गेली. एकदा रात्री 'लाइन गेली, लवकर या' असा निरोप आला म्हणून मी चाळीस किलोमीटर मोटरसायकल हाणली, तर अख्खं गाव अंधारात. पण त्यातही मुद्दा आहे. मशीनची वीज गेली की अनेक मशीन बाहेरची एक लाइन थेट एका ठरलेल्या फोनला जोडून देतात, म्हणजे निदान एक फोन तरी चालू राहतो. त्या वेळात इंटरकॉम बंदच असतो, ट्रान्सफर कुठून होणार? तुमचे कट होणारे कॉल वीज जाण्या-येण्याच्या वेळांशी जुळतात का, ते कागदावर दिसेल. जुळले तर युपीएसची बॅटरी बदला, विषय संपला.

सेठजींच्या मोबाइलवर कॉल द्यायचा असेल तर त्याचा हिशेब वेगळा. त्यात बाहेरच्या दोन लाइनी एकदम अडकतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये अशी परवानगी मुळात बंद असते. चालू केली तरी दोघांनी फोन ठेवला हे मशीनला कळायला हवं. तांब्याच्या लाइनवर ते एंगेज टोन ऐकून किंवा पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) उलटण्यावरून ओळखतं. फायबरच्या किंवा सिमकार्डच्या डब्यातून आलेल्या लाइनवर हा इशारा कधी मिळतो, कधी नाही. नाही मिळाला की दोन लाइनी तासभर अडकून पडतात आणि पार्ट्या ओरडतात की तुमचा फोन लागत नाही. अशा कॉलला मशीनमध्ये ५-१० मिनिटांची मर्यादा घाला. माझं मत विचाराल तर ताईंनी पार्टीला सरळ मोबाइल नंबर द्यावा.

इतकं करून मशीनवरच संशय उरला तरी पेटी बदलण्याआधी एक अदलाबदल करा. काट्याची तार सेठजींच्या पोर्टवर (मशीनवर तार लावायच्या जागेवर) लावा आणि सेठजींची काट्याच्या पोर्टवर. दुखणं तारेसोबत गेलं तर दोष तारेत किंवा तिच्या टोकाच्या फोनमध्ये. पोर्टलाच चिकटून राहिलं तर मशीनच्या आतलं त्या पोर्टचं कार्ड गेलंय, आणि कार्ड एकटं बदलता येतं. आपल्याकडे कार्ड जातात ती मृगाच्या आगेमागे, विजा कडाडतात तेव्हा. त्यात आपली काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा होतो, मग तारेवर आलेल्या विजेला जमिनीत जायला वाट उरत नाही. उन्हाळाभर त्या खड्ड्यात आठवड्यातून दोन बादल्या पाणी टाकायला वॉचमनला सांगा आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला सर्ज प्रोटेक्टर बसवा. कार्डापेक्षा स्वस्त पडतो.

तरी नवं घेतलंच तर बहुधा आयपीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारं, गळ्यात मारतील. वाईट नाही, पण तिथंही ट्रान्सफर फसतो, फक्त कारणं बदलतात. राउटरमधलं सिप एएलजी (कॉलच्या निरोपात ढवळाढवळ करणारं सेटिंग) बंद करायला आणि सगळ्या फोनवर जी.७११ ए-लॉ हा एकच कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) ठेवायला बसवणाऱ्याला त्याच दिवशी सांगा.

ताईंच्या फोनच्या तळाशी कोणता आकडा आहे आणि दहापैकी किती कॉल कोणत्या पायरीवर गेले, ते खाली लिहा. मशीनचं मॉडेलही द्या. पुस्तिका माझ्याकडे असली तर फ्लॅशचा कोड काढून देतो.