सकाळी टीएसएच ७.८, संध्याकाळी ५.९: कोणती लॅब खरी?

तुमच्या आईंचं वय ५८. सिडकोतल्या लॅबमध्ये सकाळी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) ७.८ आला, चार दिवसांनी गंगापूर रोडच्या लॅबमध्ये संध्याकाळी ५.९. टी४ (थायरॉईड स्वतः बनवते तो हार्मोन) दोन्हीकडे नॉर्मल. केस गळतात म्हणून बायोटिनची (हे बी गटातलं जीवनसत्त्व) गोळी चालू आहे. यातली कोणती लॅब चुकली आणि आता जन्मभर थायरॉईडची गोळी घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकरोडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बहुधा दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो. शिवाय दोन लॅबची मशिनं आणि किट वेगळी असली की थोडा फरक तिथेही पडतो.

मुळात टीएसएच थायरॉईडमध्ये बनतच नाही, तो मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. द्राक्षबागेत मजूर रेंगाळले की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉईड मंदावल्यावर तो चढतो. काम खरंच कमी पडलंय का, ते टी४ वरून कळतं. टीएसएच जास्त पण टी४ नॉर्मल, याला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. त्याच्या आत असेल तर बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून बघतात. काहींचा आपोआप खाली येतो. (गरोदर बाईचं गणित वेगळं. तिथे वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं.)

मला खटकली ती बायोटिनची गोळी. बऱ्याच थायरॉईड किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की अशा किटवर टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) खोटाच जास्त दिसू शकतो. म्हणजे आईंचा खरा टीएसएच आलाय त्याहून जास्त असू शकतो, आणि त्या ‘नॉर्मल’ टी४ वरही मी लगेच विसंबणार नाही. शरीराला रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. गंमत अशी, की केस गळणं हेसुद्धा थायरॉईड मंदावल्याचं लक्षण असू शकतं.

म्हणून आता तिसरी लॅब शोधू नका. डॉक्टरांना बायोटिनचं सांगून, ते निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून, या दोनपैकी एकाच लॅबमध्ये सकाळी रक्त द्या. त्याआधी मोठा ताप वगैरे येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा. उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. टीएसएचबरोबर फ्री टी४ आणि एकदा अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध अँटीबॉडी बनवतंय का, ती तपासणी) करून घ्या. टी३ वर (थायरॉईडचाच दुसरा हार्मोन) पैसे घालू नका. थायरॉईड मंदावल्यावर तो बराच काळ नॉर्मलच राहतो, पॅकेजमध्ये येतो म्हणून लोक करतात.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आला तर पुढे गोळी लागण्याची शक्यता वाढते. निगेटिव्ह आला आणि टीएसएच उतरला, तर जन्मभराच्या गोळीचा विषय सध्या बाजूलाच राहील. डॉक्टरांकडे जाताना जुने दोन्ही कागदही न्या, आणि प्रत्येकावर रक्त किती वाजता दिलं ते पेनानं लिहून ठेवा.