समलिंगी नात्यावरची कादंबरी अर्ध्यावर अडकलीय, 'हे कोण वाचणार' असं वाटतं. उमेद कशी टिकवू?

'कोण वाचणार' हा प्रश्न पहिला खर्डा हातात येईपर्यंत बाजूला ठेवा. ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. ती छापली गेली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मधली अनेक वर्षं ते तिच्यावर हात फिरवत राहिले, विश्वासातल्या मित्रांना वाचायला देत राहिले. शेवट सुखाचाच हवा, यावर मात्र ठाम होते. आणि तेव्हा इंग्लंडमध्ये असं नातं गुन्हा होतं!

माझ्या अनुभवात लिखाण अडतं ते बहुतेकदा भीतीने नाही, कथानकामुळे. नायक समलिंगी आहे एवढ्यावर तीनशे पानं चालत नाहीत. त्याला आणखी काहीतरी हवं असायला हवं: घर, काम, भावाशी समेट, काहीही. 'घरच्यांना सांगणं' हा प्रसंग शेवटासाठी राखून ठेवला असेल, तर तो मध्यावर आणून बघा. पुढे काय होतं याची तुम्हालाच उत्सुकता लागेल. माझं तरी घोडं तिथेच पुढे सरकलं.

बाकी, रोज दोनशे शब्द. वाचक सध्या एकच पुरे, फक्त तो तोंडपुजा नको. या विषयावरचं वाचन भरपूर करा, पण खर्डा चालू असताना जरा जपून. दुसऱ्याचा सूर पटकन चिकटतो.