25 हजारांचा आकडा कुठून आला?

प्रश्न: मी 58 वर्षांचा आहे. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. स्क्रोल सॉ मशीनवर (बारीक पात्याची विजेची करवत) फोटोवरून प्लायवुडची पोर्ट्रेट कापायचा छंद आहे. कंपनीतल्या मित्रांनी 1,500 रुपयांप्रमाणे चार फ्रेम घेतल्या. आता हाच जोडधंदा करायचा आहे. महिन्याला 25 हजार सुटतील असा अंदाज आहे. फोटोवरून पॅटर्न काढायला 28 हजारांचं सॉफ्टवेअर घेऊ, की फुकटातलं इंकस्केप चालेल? पीएफ-ग्रॅच्युइटीचे 41 लाख आले. त्यातले 3 लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एका गॅरंटीड प्लॅनमध्ये भरले. असा हप्ता 10 वर्षं आहे. एफडीपेक्षा चांगलं म्हणाले. पॉलिसी मागच्या आठवड्यात हातात आली, तक्ता सोबत जोडला आहे. बाकी पैसे सेव्हिंग खात्यात आहेत. पेन्शन साडेचार हजार, घरखर्च 35 हजार.

उत्तर: इंकस्केप चालेल. त्याबद्दल शेवटी सांगतो, कारण तुम्ही दोन ओळींत उरकलेल्या पॉलिसीला मुदत आहे आणि ती संपत चालली आहे. म्हणूनच हे उत्तर तुम्हाला आधी ईमेलने पाठवलं.

25 हजार गुणिले 12 म्हणजे 3 लाख. बरोबर हप्त्याएवढे. चार फ्रेम विकलेल्या माणसाला 25 हजारांचा अंदाज ऑर्डरींवरून आलेला नाही, तो हप्त्यावरून आला आहे. हप्ता भरायचाय, म्हणून छंदाने तेवढं कमवायलाच हवं, असं तुमच्या मनाने ठरवून टाकलं.

तक्ता पाहिला. 10 वर्षांत 30 लाख भरायचे. 12 वर्षांनी, म्हणजे तुमच्या सत्तरीत, वर्षाला 5 लाख 40 हजार सुरू, ते 10 वर्षं. बेरीज 54 लाख. ‘जवळजवळ दुप्पट’ असं सांगून हेच विकलं जातं. पण पहिला हप्ता 12 वर्षं अडकून राहतो, हे धरलं की परतावा जेमतेम 5 टक्के. ज्याचा पगार बंद झालाय, त्याच्या गळ्यात 10 वर्षांचा हप्ता बांधणं मला अजिबात पटत नाही. पुढचे 9 हप्ते 27 लाखांचे. तुमच्याकडच्या 38 लाखांतून ते बाजूला काढले तर 11 लाख उरतात. पेन्शन वजा जाता घराला महिन्याला साडेतीस हजार लागतात, म्हणजे ते तीन वर्षांत संपतील.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेतल्या साहेबांकडे नको. ते ‘थांबा, वरिष्ठांशी बोलतो’ म्हणत दिवस घालवतील. पॉलिसीच्या अटी मान्य नाहीत, एवढं कारण लिहा. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. स्वतःच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, तो घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका. पुढच्या हप्त्यांसाठी खात्यावर ऑटो-डेबिट लावलं असेल तर तेही बंद करा. मेडिकल, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ झाली तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

दुसरी मुदत पोस्टाची. सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम साठीनंतर मिळते, पण 55 ते 60 मधल्या निवृत्तांनाही मिळते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. तुमचा पैसा मात्र सेव्हिंग खात्यात पडून आहे! कंपनीकडून निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र याच आठवड्यात घ्या. दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के आहे. मर्यादा 30 लाख. म्हणजे वर्षाला 2 लाख 46 हजार, महिन्याला साडेवीस हजार पडतात (व्याज दर तिमाहीला येतं). पेन्शन धरून 25 हजार. 6 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले की 7.4 टक्क्यांनी आणखी 3,700. उरलेले 5 लाख अडीअडचणीला एफडीत ठेवा, त्यांना हात लावू नका. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपला असणार. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तुमचा आणि घरच्यांचा आरोग्य विमा या महिन्यात घ्याच.

आता महिन्याला तूट राहते सव्वासहा हजारांची. महागाईने ती वाढेल, पण 25 हजारांपेक्षा हा आकडा तुमच्या हातातला आहे. प्लाय, पाती, फ्रेम, कुरिअर वजा जाता एका पोर्ट्रेटमागे 1,200 सुटतात असं धरू. तूट भरायला पाच-सहा पोर्ट्रेट लागतात. 25 हजारांसाठी 21 लागली असती, आणि एकेकाला आठ तास. शंभर-सव्वाशे भोकं पाडायची, दर भोकाला पातं सोडवायचं, ओवायचं, पुन्हा ताणायचं. ही मेहनत कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. शिवाय लेझरवाला तेच एमडीएफवर काही मिनिटांत कापून देतो. तुमची किंमत हाताच्या कामाची आहे, ती तशीच सांगून विका.

‘एका क्लिकवर पॅटर्न’ म्हणणारं 28 हजारांचं सॉफ्टवेअर म्हणजे 23 पोर्ट्रेटची कमाई. फोटोचं काळं-पांढरं गिंप या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या थ्रेशोल्डने होतं, रेषा इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने निघतात. दोन्ही फुकट. खरं काम त्यापुढचं आहे. काळा भाग कापून काढायचा असतो, म्हणून काळ्याने चहूकडून वेढलेला पांढरा तुकडा गळून पडतो: डोळ्यातली चमक, चष्म्याची काच. गिंपमध्ये पांढऱ्या भागात एकदा रंग ओता. जिथे रंग पोचला नाही तो तुकडा सुटणार. तिथे दोन बाजूंनी बारीक पूल ठेवायचे. ते कुठे ठेवले म्हणजे चेहरा बिघडणार नाही, हे टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या तुमच्या नजरेला कुठल्याही क्लिकपेक्षा नीट कळेल. आधी अशी दहा पोर्ट्रेट अनोळखी गिऱ्हाइकांना विका, मग पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचं का ते विचारा.