‘चित्रांचं पुस्तक वाचून काय मिळतं हिला?’

‘मुलगी सतरा वर्षांची झाली आणि अजून चित्रांची पुस्तकं वाचते. त्यातही प्रेमकथा. तासाभरात संपवते आणि आठवड्याने तेच पुस्तक पुन्हा काढून बसते. काय करावं?’

मी समुपदेशक आहे. अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न सप्टेंबर-ऑक्टोबरात फार येतो. तिकडे बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज भरायचे असतात आणि मूल मात्र पांघरुणात शिरून भोपळ्यांची चित्रं बघत असतं. तीन-चार घरांच्या हकिगती एकत्र करून आणि ओळखीच्या खुणा बदलून त्यातली एक इथे मांडते.

आईने पहिल्याच भेटीत पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. ‘पंपकिनहेड्स’. लेखन रेनबो रोवेल यांचं, चित्रं फेथ एरिन हिक्स यांची, रंग सारा स्टर्न यांचे. २०१९मध्ये आलेलं हे पुस्तक नेब्रास्कातल्या ओमाहाला घडतं. डेजा आणि जोसाया (त्याला सगळे जोसी म्हणतात) ही दोघं दर शरदात एका भोपळ्यांच्या मळ्यावर काम करतात. मळा म्हणजे तिकडची हंगामी जत्राच: मक्याच्या शेतातला भुलभुलैया, गवताच्या गाडीतून फेरी, ठिकठिकाणी खाण्याचे स्टॉल. यांच्या स्टॉलवर सकोटॅश मिळतं, म्हणजे मक्याचे दाणे आणि आपल्याकडे ज्याला डबल बी म्हणतात ते दाणे एकत्र शिजवलेले. दर १ सप्टेंबरला भेटायचं, हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, निरोप घ्यायचा. या वर्षी दोघं बारावीत आहेत, त्यामुळे हा हंगाम शेवटचा. सगळी गोष्ट त्या एका संध्याकाळची.

‘तुम्ही वाचलंत?’
‘चाळलं. कित्येक चौकटींत तर शब्दच नाहीत.’
‘ती वाचत बसते तेव्हा तुमच्या मनात काय येतं?’
‘वेळ वाया चाललाय.’
‘आणि गेला वाया, तर?’
आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या घरात वेळ सत्कारणी लागलाच पाहिजे.’

अशा वेळी मी त्या ‘च’वर बोट ठेवते. वेळ सत्कारणी लागावा ही चांगली इच्छा आहे. ‘लागलाच पाहिजे’ म्हटलं की ती मागणी होते, आणि मागणीच्या धाकात कुणालाच कशाचा आनंद घेता येत नाही. ना वाचणाऱ्याला, ना शेजारी बसून घड्याळ बघणाऱ्याला. इतक्या वर्षांच्या कामात मला जे समजलं, त्यातलं पुष्कळसं या एका अक्षराशी येऊन थांबतं.

मी त्यांना एक काम दिलं. पुस्तक स्वतः दोनदा वाचायचं. पहिल्यांदा गोष्टीसाठी, हवं तितक्या वेगाने. दुसऱ्यांदा संवादांचे फुगे न वाचता, फक्त चित्रं. या वेळी प्रत्येक चौकटीत एकच बघायचं: कोण कुणाकडे बघतंय आणि कोण नजर चुकवतंय. बिनशब्दांची चौकट आली की पान उलटण्याआधी सावकाश पाचपर्यंत आकडे मोजायचे. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडून गेलं असेल, ते मनाशी म्हणायचं. कॉमिक वाचणारा खरं तिथे वाचतो, कारण ती जागा चित्रकाराने त्याच्यासाठी मोकळी सोडलेली असते. सवय नसलेला माणूस फुग्यावरून फुग्यावर उड्या मारत जातो, म्हणून त्याला पुस्तक पोकळ वाटतं. एका वेळी पंचवीस-तीस पानं पुरेत. आणि फोनवर नको. जोडपान मधोमध तुटतं, बारीक चेहरे दिसत नाहीत. छापील प्रत घ्यावी, नाहीतर मोठा टॅबलेट आडवा धरावा.

दुसरा आठवडा फसला. आईने मन लावून वाचलं, लेकीजवळ जाऊन बसली आणि विचारलं, ‘यातून तू काय शिकलीस?’ मुलीने पुस्तक मिटलं. हे बहुतेक घरांत असंच होतं. हा प्रश्न मायेने विचारला तरी परीक्षेचाच असतो. तो ‘च’ प्रश्नाचा वेष घेऊन पुन्हा आत आलेला असतो.

मी म्हटलं, ‘आता एवढंच विचारा, तू कुठल्या पानावर थांबतेस? ती जे दाखवेल ते बघा. त्यावर बोलू नका.’

तिसऱ्या भेटीत आईचा आवाज वेगळा होता. मुलीने तीन पानं काढून दाखवली होती, आणि तिन्हींवर फक्त मळा होता: दिवे, गर्दी, मावळतीचा केशरी उजेड. मुलगा-मुलगी जवळ आल्याचं एकही पान त्यात नव्हतं. आईला राहवलं नाही. तिने विचारलं, ‘प्रेमाची पानं आवडत नाहीत?’

मुलगी म्हणाली, ‘आई, हे प्रेमाचं पुस्तक नाहीये गं. हे शेवटच्या दिवसाचं पुस्तक आहे.’

पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगी घर सोडणार होती. अर्ज, निबंध, फी यांवर घरात रोज बोलणं होत होतं आणि जाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. हातातलं काम सोडून शेवटची संध्याकाळ डोळे भरून बघणारी ती दोन मुलं तिने इतक्यांदा का वाचली, हे त्या क्षणी आईला कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तोवर मीही प्रेमकथेच्या काळजीचाच धागा धरून होते. तेव्हापासून पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाबद्दल मी ‘त्यात काय आहे’ हे नंतर विचारते. आधी विचारते, ‘घरात सध्या काय संपत आलंय?’

प्रेमकथेची भीती उरतेच, म्हणून तिच्याबद्दलही सांगते. जोसी तीन वर्षं फज नावाची मिठाई विकणाऱ्या एका मुलीकडे लांबून बघत राहिलाय, एक शब्द बोललेला नाही. त्याला नकाराची धास्ती आहे. अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस एकोणिसाव्या वर्षी असेच बुजरे होते. ते सांगत, की ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिन्याभरात शंभर अनोळखी बायकांशी मुद्दाम गप्पा मारल्या. भेटीला एकच तयार झाली, तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्यांना कळलं. सतराव्या वर्षी हे पुस्तकातून कळलं तर त्यात धोका कसला? डेजाच्या जुन्या जोडीदारांत मुलगे आहेत तशा मुलीही आहेत. पुस्तक त्याचा बाऊ करत नाही. पालकांनीही करू नये. मूल स्वतःहून बोललं तर ऐकावं.

‘पण इतकं काय आवडतं त्या भोपळ्यांत?’ हेही आईने विचारलं. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे उकाडा, मग कोजागरीचं दूध आणि दिवाळीची साफसफाई. तिच्या लेकीचं बालपण मात्र पानगळीत गेलं, शाळेच्या सहलीत मळ्यावर जाऊन भोपळा निवडण्यात. रोवेल यांना हा मळा ओमाहाजवळ ग्रेटनाला असलेल्या वालाज पंपकिन पॅचवरून सुचला. असा मळा हेच या लेकीचं गाव. या पुस्तकात कुणी मरत नाही, कुणी कुणाला फसवत नाही. डेजाला हवं ते खायला मिळेल का आणि जोसी बोलेल का, एवढाच घोर. अर्जांच्या दिवसांत दमलेल्या मनाला इतकाच घोर झेपतो. पानं उलटली जात असतील, झोप आणि जेवण वेळेवर होत असेल, तर काळजी करू नका. मूल पुस्तकाआड तोंड लपवून मैत्रिणींनाही टाळू लागलं, तर मात्र समुपदेशकाकडे या.

त्या आईने नंतर आणखी एक प्रत मागवली. एक वसतिगृहात जाईल, एक घरी राहील. ३१ ऑक्टोबरला रात्री व्हिडिओ कॉल लावून दोघींनी एकेक पान उलटायचं ठरलंय. डेजाचे संवाद आई वाचणार आहे.