मैत्रीतलं लपवलेलं प्रेम: मांगा नव्याने वाचणाऱ्यासाठी

अरे, मैत्रीत प्रेम लपवणाऱ्या जोडीची मांगा (जपानी कॉमिक्स) वाचताना "बोलून का टाकत नाहीत हे दोघं" असं वाटणारच, मी पण पहिल्यांदा वैतागून थेट कबुलीच्या चॅप्टरवर उडी मारली आणि सगळी मजा घालवली, तू तसं करू नकोस.

सुरुवातीला एवढंच बघ:
- पानं उजवीकडून डावीकडे. उलटं वाचलंस तर लाजणं आधी, कारण नंतर.
- हाक. आडनाव सोडून नावाने हाक मारली की समज काहीतरी शिजतंय.
- १४ फेब्रुवारी. जपानमध्ये त्या दिवशी मुली चॉकलेट देतात: सगळ्या मित्रांना रीत म्हणून द्यायचं ते गिरी-चोको, खास माणसाला द्यायचं ते होन्मेई. नायिका म्हणते "गिरीच आहे रे", पण चॉकलेट घरी केलेलं, जरा वेडंवाकडं... तिथे थांब, घाई नको. त्या चॉकलेटचं उत्तर १४ मार्चला, व्हाइट डेला, म्हणजे मुलं परतभेट देतात त्या दिवशी.

शोजो (किशोरवयीन मुलींसाठीची मांगा), जोसेई (मोठ्या बायकांसाठीची) वगैरे प्रकार नंतर बघू, आधी एक सिरीज संपव.