उत्तर कोरियासारख्या जगापासून तुटलेल्या देशाचा महिला फुटबॉल संघ इतका बलाढ्य कसा?

याचे मुख्य कारण म्हणजे लहान वयातच होणारी निवड आणि सरकारी खर्चाने चालणारे निवासी प्रशिक्षण. 2013 मध्ये प्योंगयांग येथे फुटबॉलची स्वतंत्र शाळा सुरू झाली, जिथे देशभरातून निवडलेल्या मुलामुलींना अभ्यासासोबत खेळ शिकवला जातो. पुढे त्यांतील गुणी खेळाडू '25 एप्रिल' या लष्करी संघासारख्या क्लबांत जातात. शिवाय महिला फुटबॉलमध्ये अनेक देशांनी उशिरा पैसा ओतल्यामुळे, शिस्तबद्ध सरकारी यंत्रणेला तिथे पुढे जाणे पुरुषांच्या खेळापेक्षा सोपे होते, असे माझे मत आहे.

निकाल बोलके आहेत. या संघाने 2001, 2003 आणि 2008 मध्ये आशियाई चषक जिंकला, तर वीस वर्षांखालील मुलींनी 2006, 2016 आणि 2024 मध्ये विश्वचषक पटकावला. वरिष्ठ संघाची विश्वचषकातील मजल मात्र 2007 च्या उपांत्यपूर्व फेरीपुढे गेलेली नाही. 2011 च्या विश्वचषकात पाच खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या (वीज पडल्यानंतर कस्तुरीमृगापासून केलेले पारंपरिक औषध दिल्याचा विलक्षण खुलासा तेव्हा झाला होता) आणि संघाला 2015 च्या स्पर्धेतून वगळण्यात आले.