जळगावात दोन दिवस मुक्काम आहे, सोबत लहान मुलं आहेत, मेहरूण तलावावर जाण्यासारखं आहे का?

हो, नक्की जा, पण वेळ बघून जा. हिवाळ्यात असाल तर सकाळी लवकरच निघा, तेव्हा पाहुणे पक्षी उतरलेले असतात, गर्दी पण कमी असते, पोरांना दुर्बीण द्या हातात आणि बसा काठावर शांत. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी अजिबात नको, इकडे पारा ४५ पर्यंत जातो हो, सूर्य कलल्यावरच निघायचं. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका एवढं ऐका.

थंडीत आलात तर मेहरूणची बोरं खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही, या भागाची ओळखच ती, चव एकदम गोड. प्लॉट पडत गेले तशी बोरांची झाडं कमी झाली याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून विकणारे दिसले की मी घेतोच. गणपती विसर्जन पण याच तलावावर असतं, त्या दिवशी नुसतं फिरायला येऊ नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही.

वेळ उरला तर शिरसोली रोडने पुढे जैन हिल्सवर गांधी तीर्थ बघून घ्या, २०१२ मध्ये सुरू झालेलं म्युझियम आहे, त्याला निवांत वेळ द्या. आणि रात्री भरीत आन् कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी.